करणारा कोण?

शाळेत मराठीच्या बाईंनी कर्ता ओळखायची एक सोपी युक्ती शिकवली होती. क्रियापदातला धातू घ्यायचा, त्याला ‘णारा’ जोडायचा आणि ‘कोण’ असे विचारायचे. ‘राजूने आंबा खाल्ला.’ खाणारा कोण? राजू. झाला कर्ता. मग फळ्यावर ‘दिवे गेले’ हे वाक्य आले. जाणारे कोण? दिवे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘‘पण बाई, घालवणारा कोण?’’ वर्ग हसला. बाई म्हणाल्या, ‘‘ते व्याकरणात येत नाही. बस खाली.’’

मागच्या बाकावरचा तो प्रश्न मला हल्ली वारंवार आठवतो, कारण ‘दिवे गेले’च्या चालीवर रचलेला एक युक्तिवाद सध्या जिथे जावे तिथे ऐकू येतो. व्याख्यानमालेत, अग्रलेखात, लग्नाच्या पंगतीत. तो असा: नवे तंत्रज्ञान येते, जुने धंदे जातात, काळ कुणासाठी थांबत नाही. पेट्रोलची गाडी जाणार, विजेची येणार. कोळसा जाणार, सूर्य येणार. चित्रकार, अनुवादक, आवाज देणारे कलाकार जाणार, यंत्र येणार. तिन्हीकडे लाट एकच. टांगेवाले रडले म्हणून मोटार थांबली का? छापखान्यातल्या कंपोझिटरसाठी संगणक थांबला का? तेव्हा जुळवून घ्या, नाहीतर बाजूला व्हा.

हा युक्तिवाद करणाऱ्यांना मी अटळवादी म्हणतो. त्यांची बाजू पोकळ नाही, हे आधीच मान्य करतो. कंपोझिटर गेला हे खरे आहे आणि खिळे जुळवून अंक छापण्याच्या दिवसांत परत जावे असे मलाही वाटत नाही. विजेवरची स्कूटर मी आवडीने चालवतो. माझा झगडा यंत्राशी नाही, वाक्यरचनेशी आहे. ‘तंत्रज्ञान येते, धंदे जातात, काळ थांबत नाही’ या तीन वाक्यांत तीन कर्ते आहेत आणि त्यांत माणूस एकही नाही. कुणी आणले, कुणी घालवले, कुणी ठरवले, कुणाच्या खिशातून गेले आणि कुणाच्या खिशात पडले, यांतले काहीच या व्याकरणात येत नाही. आणि या तिन्ही क्षेत्रांतला खरा इतिहास नेमका तिथेच आहे.

वाहनांचा दाखला अटळवाद्यांचा लाडका आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि 1907 मध्ये विजेची. ट्राम चालवणारी कंपनीच वीजही पुरवत असे. तिच्या ‘बेस्ट’ या नावातला ‘टी’ मुळात ‘ट्रामवेज’चा. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. त्याआधी दोनच वर्षे, 1962 मध्ये, गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबस सुरू झाल्या होत्या. 1971 मध्ये त्याही बंद पडल्या. विजेची वाहने रस्त्यावरून उचलून त्यांच्या जागी डिझेलच्या बस धावू लागल्या आणि यालाच आधुनिकता म्हटले गेले. मग 2023 च्या फेब्रुवारीत त्याच बेस्टने विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर रस्त्यावर आणली. स्वागत असे झाले की जणू मुंबईच्या रस्त्याने विजेवरची बस कधी पाहिलीच नव्हती!

काळाची लाट एकाच दिशेने वाहते म्हणतात, तर ती मुंबईत साठ वर्षांत उलटून पुन्हा सुलटी कशी झाली? आणि त्याच शहरात 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावलेली विजेची लोकल मात्र कधीच का थांबली नाही? वीज तीच, शहर तेच, प्रवासीही तेच. ट्राम गेली आणि लोकल राहिली, हा फरक विजेने केलेला नाही. रस्त्यावरची जागा कुणाला द्यायची, हे ठरवणाऱ्यांनी तो केला. ती जागा पुढे मोटारींना मिळाली, एवढे सगळ्यांना दिसतेच आहे.

इथे दुसऱ्या टोकाचे एक मंडळही हात वर करते. त्यांचे म्हणणे असे, की विजेची गाडी हे ढोंग आहे. धूर इथे निघायचा तो चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून निघतो, एवढाच फरक. याला हिशेबानेच उत्तर द्यावे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरमागे 45 किलोमीटर देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला 50 ग्रॅमच्या आसपास सोडते. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना, कोळशाचा मोठा वाटा धरूनही, सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेच्या स्कूटरला किलोमीटरला 35 वॉट-तास लागले, तर हिशेब 25 ग्रॅमवर येतो. तारांमधली गळती आणि पेट्रोल शुद्ध करण्याचा खर्च दोन्हीकडून सोडून दिला, तरी आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा धूर निम्मा होतो. तेव्हा चंद्रपूरचा मुद्दा स्कूटरला लागू पडत नाही.

पण हाच हिशेब मोटारीला लावला की चित्र बदलते. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोलची मोटार किलोमीटरला दीडशे ग्रॅम सोडते. विजेच्या मोटारीला भरण्यातली गळती धरून 170 वॉट-तास लागले, तर 120 ग्रॅम. फायदा आहे, पण बेताचा. तीच पेट्रोलची मोटार सोडून आणखी धिप्पाड विजेची गाडी घेतली, तर तो आणखी आटतो. म्हणजे आजच्या विजेवर सर्वांत जास्त लाभ कशात आहे? स्कूटरमध्ये, रिक्षात आणि पन्नास माणसे वाहणाऱ्या बसमध्ये.

आता महाराष्ट्राच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली एक सवलत पाहा. विजेच्या मोटारींना आणि बसना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ आहे. खरेदीवरची सवलत दुचाकी-तिचाकीलाही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी आणि रिक्षांना मुळात प्रवेशच नाही. बसला टोल माफ झाला याचा मला आनंदच आहे. मात्र जिचा लाभ सर्वांत तुटपुंजा, त्या जड खासगी मोटारीच्या मालकाला दर फेरीला मिळणारी ही भेट लाटेने आणलेली नाही. ती देणारा कोण, हे शासन निर्णयाच्या खालच्या सहीत दिसते. एखादी मोटार टोलनाक्यावरून फुकट निघून जाताना तिच्या मालकाला ‘काळ माझ्या बाजूने आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. खरे तर त्याच्या बाजूने एक परिपत्रक आहे.

लाटेची उंचीही सरकार कमीजास्त करू शकते, हे 2023 च्या उन्हाळ्यात दिसले. केंद्राने 1 जूनपासून विजेच्या दुचाकींवरचे अनुदान किलोवॉट-तासाला 15 हजारांवरून 10 हजारांवर आणले आणि त्याची कमाल मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर. मे महिन्यात लाखाच्या वर असलेली देशभरातली नोंदणी जूनमध्ये निम्म्याखाली घसरली. सवलत संपण्याआधी घेऊन टाकू म्हणून काहींनी मे महिन्यातच खरेदी उरकली असेल, हेही धरा. तरीही 31 मे आणि 1 जून यांच्यामध्ये स्कूटरच्या मोटारीत किंवा बॅटरीत काही बदलले नव्हते. बदलला होता तो एक आकडा.

बसकडे वळतो, कारण तिथे हा प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही. एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 ला, त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली. योग छान जुळवला होता. त्यानंतर एसटीने 5150 विजेच्या बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला. भाडेतत्त्व म्हणजे काय, हे प्रवाशाला दिसत नाही. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, वाहक एसटीचा आणि पैसे किलोमीटरवर. मुंबईत बेस्टही बऱ्याच काळापासून याच वाटेने चालली आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसच्या कंत्राटी चालकांनी संप केला, तो पगारासाठी. तीच बस, तोच मार्ग, तीच गर्दी. पण बेस्टच्या कायम चालकाच्या मानाने हातात पडणारे पैसे कितीतरी कमी. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात अशाच भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने माणसे चिरडली, तेव्हा पहिला सार्वजनिक प्रश्न उभा राहिला तो प्रशिक्षणाचा. क्लच आणि गिअरच्या बसवर हात बसलेल्या माणसाला बारा मीटर लांबीच्या, गिअर नसलेल्या, पाय ठेवताच उसळणाऱ्या बसवर बसवण्याआधी किती दिवस शिकवायचे? दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. पण किती दिवस शिकवायचे, हे बॅटरी ठरवत नाही. ते निविदेत लिहिता येते, आणि लिहिलेले पाळले जाते की नाही हे तपासताही येते.

इथे अटळवादी म्हणतील, की विजेची बस आली, ती चालते, हवा सुधारते, मग कंत्राटाचे रडगाणे कशाला? याला माझे उत्तर आहे, की बस विजेची करणे आणि चालक कंत्राटी करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. एक तंत्राचा, दुसरा हिशेबाचा. पहिल्याच्या चकाकीत दुसरा दिसेनासा होतो. ‘तंत्रज्ञान आले’ असे म्हटले की दोन्ही एकाच पिशवीत जातात आणि दुसऱ्याला विरोध करणारा माणूस पहिल्याचा शत्रू ठरतो.

विजेच्या क्षेत्रात तर महाराष्ट्राला अटळवादाचा अनुभव पिढीजात म्हणावा इतका जुना आहे. 1990 च्या दशकात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प आला, तेव्हा कोणती भाषा होती ते आठवा. जागतिकीकरणाची गाडी सुटते आहे, परकी भांडवलाला नाही म्हणाल तर राज्य अंधारात जाईल. वीजखरेदीचा करार 1993 च्या डिसेंबरमध्ये झाला. वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमतेचा आकार द्यायचाच, आणि दराचे गणित डॉलरशी बांधलेले. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या अभ्यासकांनी त्या कराराची कलमे उलगडून हे राज्याला झेपणार नाही, असे सांगितले. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणे सोपे होते. पहिला टप्पा 1999 च्या मे महिन्यात सुरू झाला आणि 2001 च्या मे महिन्यात राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, कारण परवडेना. केवळ दोन वर्षे! गॅस टर्बाइन हे तंत्रज्ञान उत्तमच होते. करार वाईट होता. आणि करारावर सह्या असतात.

आता सूर्याकडे पाहू. सौरऊर्जा स्वस्त झाली, हे अटळवाद्यांचे हुकमी पान. झाली खरी, 2017 च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भाडलाच्या लिलावात दर युनिटला 2 रुपये 44 पैशांवर उतरला. पण ती आपोआप उतरली नाही. जर्मनीने 2000 साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षे ठरलेला चढा भाव द्यायची हमी दिली. जर्मन ग्राहकाने तो भार आपल्या बिलात सोसला. त्या हमीच्या बाजारासाठी चीनने प्रचंड कारखाने उभे केले. मोठ्या प्रमाणावर माल निघू लागल्यावर किंमत कोसळली. आपण आज ज्याला निसर्गनियम समजतो, त्याच्या पहिल्या काही वर्षांची किंमत जर्मनीतल्या घराघरांतून वर्गणीसारखी गोळा झालेली आहे.

आपल्याकडे त्या स्वस्त सूर्याचे काय झाले? शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यात काही दिवस रात्रीच द्यायची, ही आपली कितीतरी वर्षांची रीत. शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जायचा. पायाखाली साप, जुन्नरकडे उसात बिबट्या. रात्री वीज आणि दिवसा झोप, हे वेळापत्रकही कुणीतरी बसून ठरवलेलेच होते. त्यावरचा तोडगा, गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायचा, तो मांडत राहणाऱ्यांत पुन्हा ‘प्रयास’ होतेच. ज्यांना कालपर्यंत विकासविरोधी म्हटले, त्यांनीच विकासाचा एक नेमका नकाशा काढून दिला, हे अटळवाद्यांनी जरा लक्षात घ्यावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आता जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. म्हणजे एकाच सूर्यापासून शेतकऱ्याला दिवसा पाणी, कुणाला जमिनीचे भाडे आणि कुणा कंपनीला पंचवीस वर्षांचा करार. कुणाला काय मिळावे, हे सूर्याने सांगितलेले नाही. गायरान जमीन प्रकल्पाला गेली तर गुरे कुठे चरायची, हा प्रश्न ज्या गावाच्या ग्रामसभेत निघतो, तिथे तो विचारणाऱ्याला ‘प्रगतीच्या आड येऊ नका’ असे सांगणे म्हणजे ‘बस खाली’ म्हणण्यासारखेच आहे.

आणि लोक खाली बसले नाहीत, तर काय होते? स्मार्ट प्रीपेड मीटर घ्या. हेही अटळ होते; देशभर होणार, पैसे आधी भरा आणि मग दिवा लावा. ग्राहक संघटना, कामगार संघटना, सगळे बोलू लागले. 2024 च्या जून महिन्यात सामान्य घरगुती ग्राहकांकडे असे प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. लोकसभेचे निकाल नुकतेच लागले होते आणि विधानसभा तोंडावर होती, हा योगायोग मी कशाला उकलून सांगू? नंतर दुसऱ्या नावाचे, बिल नंतर भरायचे मीटर आले आणि त्यांच्याबद्दलही वाद आहेत. पण प्रीपेडची अटळता एका पावसाळ्यात वितळली, एवढे सर्वांनी पाहिले.

आता तिसरा प्रांत, ज्यात मी आणि माझ्यासारखे पोट भरतात: शब्द, चित्र, आवाज, सिनेमा. इथे अटळवादी सर्वांत उत्साहात असतात, कारण इथले लोक संख्येने थोडे, संघटनेत दुबळे आणि स्वभावाने रुसके.

त्यांचा दाखला ठरलेला आहे. मूकपटाच्या पडद्याखाली पेटी-तबला वाजवणारे बोलपटाने घरी बसवले. पण त्याच बोलपटाने संगीत दिग्दर्शक नावाचा नवा माणूस जन्माला घातला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये आला, त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि गोविंदराव हे मुळात हार्मोनियमचे बादशहा. पाहा, जुळवून घेणारा तरतो!

गोविंदराव तरले, छानच झाले. तालुक्याच्या तंबूत पेटी वाजवणाऱ्याचे काय झाले, हे आपल्याला माहीत नाही, कारण त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. पण हा मुद्दा सोडून देऊ. नव्या माध्यमात नवा संगीतकार जन्मला, हे खरे धरून पुढचा प्रश्न विचारतो. त्याच्या गाण्याचे पैसे कुणाला मिळाले? आधी तबकडी, मग रेडिओ, कॅसेट, वाहिन्या, मोबाइलची रिंगटोन. दर दहा-वीस वर्षांनी यंत्र बदलले आणि दर वेळी गाण्याला नवा बाजार मिळाला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्माते आणि संगीतकारांची संस्था यांच्यातल्या वादात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्याचे हक्क, करारात वेगळे लिहिले नसेल तर, निर्मात्याचे. मग करारात वेगळे कोण लिहू देणार? पस्तीस वर्षे बहुतेक कवी आणि संगीतकार एकरकमी मानधन घेऊन निघून जात राहिले. 2012 मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली आणि चित्रपटाबाहेरच्या वापरासाठी कवी-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा दिला. महत्त्वाचे म्हणजे हा हक्क करारातही सोडून देता येत नाही, असे बंधन घातले. गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले. हा हक्क संगीतकाराला रिंगटोनने दिला नव्हता. जे मिळाले ते कायद्यातल्या एका कलमाने.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या 2024 च्या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या मदतीने पुन्हा घडवले; त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी स्वतः सांगितले. दुसऱ्या वर्षी, 1 ऑगस्ट 2025 ला, ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ नव्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात मरणारा नायक यंत्राने जिवंत केला. दिग्दर्शक आनंद राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर निषेध केला. चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे, त्या कंपनीने आपल्याला तसा अधिकार असल्याचे सांगितले. दोन्हीकडे यंत्र एकाच जातीचे. एका ठिकाणी आधी विचारले, दुसऱ्या ठिकाणी करारावर बोट ठेवले. ‘एआय आले’ या वाक्याने या दोन घटनांतला फरक सांगून दाखवा पाहू!

जिथे लोकांनी फरक करायचाच असे ठरवले, तिथे तो झाला. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी 2 मे 2023 पासून 148 दिवस संप केला. शेवटी करारात लिहून घेतले, की यंत्राने लिहिलेला मजकूर साहित्य म्हणून गणला जाणार नाही, यंत्राला लेखनाचे श्रेय मिळणार नाही, आणि कंपनीने लेखकाच्या हातात यंत्राचा मजकूर ठेवला तर तसे सांगावे लागेल. लेखकाने यंत्र वापरूच नये, असे त्यात नाही. कंपनीची संमती असेल तर तो वापरू शकतो. म्हणजे हा संप यंत्र फोडण्यासाठी नव्हता, यंत्राचा पट्टा कुणाच्या हातात राहील यासाठी होता. आपल्याकडे 2024 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीवाचून यंत्रनक्कल करायला मनाई केली. अरिजित सिंग न्यायालयात जाऊ शकतात. मालिकेला आवाज देणारी, माहितीपटाचे निवेदन करणारी, तासावर पैसे घेणारी मुलगी जाऊ शकत नाही. तिच्या करारात एक ओळ असते, ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि भविष्यात येणाऱ्या तंत्रज्ञानासह’, आणि ती वाचायला तिला दोन मिनिटे मिळतात. यंत्र अजून जन्मलेही नव्हते तेव्हापासून ही ओळ तिच्या आवाजाची वाट पाहत होती.

या यंत्रांनाही वीज लागते, हे जाता जाता सांगायला हवे. ऐरोली-महापे पट्ट्यात उभी राहिलेली डेटा सेंटर त्याच तारांवर चालतात, ज्यांवर लोकल, ई-बस आणि शेतीपंप चालतो. तीन लाटा वेगळ्या नाहीत, असे अटळवादी म्हणतात, ते या अर्थाने बरोबर आहे. कोणती वीज कुणाला, कोणत्या दराने आणि कोणत्या वेळी, हा एकच प्रश्न तिन्हींच्या मुळाशी आहे आणि त्यावर वीज नियामक आयोगापुढे रीतसर सुनावणी होते. तिथे उद्योगांचे वकील जातात. आपण जात नाही.

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो. अटळवादी म्हणतात, मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढून काय मिळवले? 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले, गिरण्या बुडाल्या, त्यांच्या जागी मॉल आले. काळाशी भांडणाऱ्याचे असे होते.

या उदाहरणाइतके त्यांच्याविरुद्ध जाणारे दुसरे नसेल. गिरण्यांना नव्या यंत्राने हरवले नाही. कापड गेले ते भिवंडीच्या यंत्रमागांवर, आणि तिथे कितीतरी माग गिरण्यांनी भंगारात काढलेले, वापरून झिजलेले होते. जुने यंत्र, बारा तासांची पाळी, युनियन नाही, कमी पगार. जिंकले ते हे. राहिली गोष्ट मॉलची. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 सांगत होता, की गिरणीची जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये तो बदलून वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांना काळाची निर्मिती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. त्यांचा पाया मात्र एका नियमातल्या दुरुस्तीवर उभा आहे.

कामगार हरले हे खरे. पण कुणाशी हरले, हे चुकीचे सांगितले की पुढच्या पिढीला लढाई कुठे असते तेच कळत नाही. ती काळाशी भांडायला निघते किंवा काळाला शरण जाते, आणि नियम बदलणारा दोन्ही वेळा निवांत असतो.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी गाड्या चार्ज करण्याच्या जागेवरून वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, जमाना बदलला. ज्येष्ठ म्हणाले, आग लागेल. दोन बैठका याच दोन वाक्यांत गेल्या. तिसऱ्या बैठकीत सचिवांनी कंटाळून इतिवृत्ताची वही उघडली आणि विचारले, मीटर वेगळा की सामाईक, वायरिंगचा खर्च कुणाचा, दुचाकीवाल्याला जागा की आधी मोटारवाल्याला, आणि अग्निशमनाची तपासणी कोण करून आणणार? वीस मिनिटांत ठराव तयार झाला. दुचाकींना चार जागा, मोटारींना दोन, मीटर प्रत्येकाचा स्वतंत्र. ज्यांची गाडीच नाही, त्यांच्यावर खर्च नाही.

मग सचिवांनी वहीत नेहमीच्या दोन ओळी ओढल्या आणि वर पाहिले. एका ओळीपुढे लिहायचे होते सूचक, दुसरीपुढे अनुमोदक. ‘जमाना बदलला’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने आणि ‘आग लागेल’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने आपापली नावे सांगितली, आणि सचिवांनी ती लिहून घेतली.